परत आलेला सर्व्हर

"हा सर्व्हर बंद पडला समजा," चष्मेवाला म्हणाला. तिनं फळ्यावर काढलेल्या तीन चौकटींतली मधली बोटानंच पुसली. शाईनं बोट निळं झालं.

"आता?"

"बाकीचे दोन त्याचं काम वाटून घेतील. दमतील जरा, पण बाहेर कुणाला पत्ता लागणार नाही."

मुलाखतीची ही शेवटची फेरी. खोली नवव्या मजल्यावर, चारी बाजूंनी काच आणि काचेला टेकलेलं धुकं. आपण तरंगतोय असंच तिला वाटत होतं. समोरच्या दोघांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते. नोकरी मात्र खरोखर हवी होती. जुनी कंपनी महिनाअखेरीस बंद होणार होती. ही नवी नोकरी रात्रपाळीची. रात्री लेकीजवळ कोण, हा प्रश्न तिनं ओल्या छत्रीसारखा दाराबाहेर उभा करून ठेवला होता.

"आणि तो परत सुरू झाला," चष्मेवाल्याशेजारची बाई म्हणाली. "आलो म्हणाला. मग?"

काचेपलीकडच्या धुक्यात तिला आपलं घर दिसलं. काही वर्षांपूर्वी निघून गेलेला नवरा गेल्या महिन्यात परत आला होता. बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखा अंग चोरून झोपत होता. त्याची कामं मायलेकींनी केव्हाच वाटून घेतली होती.

"मॅडम? जुनी जागा देणार का त्याला?"

"लगेच नाही. मधल्या काळात काय काय झालं, त्याला कुठं ठाऊक आहे? जुन्याच माहितीवर कारभार करायला लागला तर घोळ. आधी मागचं सगळं त्याला भरवायचं. तोवर उभा राहू दे मागे."

"काढूनच टाकला तर?"

"टाकता येतो." तिनं निळ्या बोटाकडे पाहिलं. "पण चालतोय ना तो. चालणारा टाकवत नाही हो."

बाई पहिल्यांदाच हसली.

घरी आली तर नवरा ओट्यापाशी उभा. चहा उकळून उकळून काळाकुट्ट.

"साखरेचा डबा हलवलास का गं?"

"केव्हाच."

"आई, पहिल्या चहात बाबांनी मीठ घातलं," आतून लेक म्हणाली. "मी प्यायले निम्मा."

त्यानं गॅस बारीक केला. "मिळाली?"

"मिळाली. सोमवारपासून. रात्रपाळी आहे."

"मग रात्री मी..." म्हणून तो थांबला. पुढचं म्हणायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं.

तिनं पर्स खुंटीला अडकवली. फळीवरचा पहिला डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

"मीठ."

"मीठ," तो म्हणाला.

"साखर."

"साखर."

तिसऱ्या डब्याला तो चुकला. तिनं सगळी झाकणं लावली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.