तेरावी बरणी

विद्यापीठात त्यांना सगळे नाकसर म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचा राग येत नसे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांत नाक खुपसूनच त्यांनी पगार घेतला होता. माणूस माणसाला आधी नाकाने निवडतो आणि मग त्याला प्रेम वगैरे म्हणतो, हा त्यांचा सिद्धांत. माकडांच्या काळापासून हे असंच चालत आलंय, हे ते लग्नाला गेल्यावर नवऱ्यामुलालाही ऐकवत.

कामाची पद्धत साधी. लोकांनी दोन रात्री एकच बनियन घालून झोपायचं, मग ते काचेच्या बरणीत घालून झाकण लावायचं, आणि परक्यांनी हुंगून काय वाटतं ते सांगायचं. बरण्या हाताळणाऱ्याचा वास त्यांत मिसळला तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून सर तीस वर्षं बिनवासाच्या साबणाने आंघोळ करत. कांदा नाही, लसूण नाही, अत्तर तर नावालाही नाही. घाम येईल म्हणून ते कधी बसमागे धावले नाहीत आणि बायकोशी भांडलेही नाहीत. ती बिचारी कांदा खायला शेजारणीकडे जायची.

आणि आता प्रयोगशाळा बंद करायचं घाटत होतं. तिथे झेरॉक्स मशीन ठेवायचं होतं म्हणे! विद्यापीठाच्या समितीने एकच संधी दिली: सिद्धांत आमच्यासमोर खरा करून दाखवा. सर तावातावाने बोलून बसले, "माझी बायको डोळ्यांवर पट्टी बांधून तेरा बरण्यांतून माझी ओळखेल." घरी पोचेपर्यंत आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. बनियन घालून झोपायच्या दोन्ही रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

ठरलेल्या दिवशी टेबलावर बरण्या मांडल्या. बारांत बारा जणांनी वापरलेली बनियनं, त्यांत एक सरांचं, तेराव्या बरणीत दुकानातून आणलेलं कोरं. कोणती कुणाची, ते फक्त सरांच्या वहीत होतं. समितीच्या अध्यक्षबाई जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या, त्यात फोडलेला कांदा. सरांनी कपाळाला हात लावला.

बायकोने डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली आणि ती कामाला लागली.

"हा घोरत असणार," पहिल्या बरणीपाशी ती म्हणाली. "हा खोटं बोलतो. हा बरा आहे, पण आईच्या धाकातला."

पाचव्या बरणीशी ती थांबली. पुन्हा हुंगलं.

"हा फार घाबरलाय हो कुणीतरी," ती हळूच म्हणाली. "रात्रभर तळमळलाय. याच्याजवळ बसून दोन शब्द बोलावंसं वाटतं. कोण आहे हा?"

"सांगता येत नाही. पुढे व्हा," सर म्हणाले.

तेरावी हुंगल्याबरोबर तिने झाकण लावून टाकलं. "हेच आमचे हे."

"नक्की?" अध्यक्षबाईंनी घास हातात धरूनच विचारलं.

"अहो, तीस वर्षं घरात हाच वास आहे. म्हणजे नाहीच आहे."

"सर, तुमची बरणी कितवी?"

सरांनी वही उघडली. तेरावी म्हटलं असतं, तर कोण तपासणार होतं? प्रयोगशाळा राहिली असती, बरण्या राहिल्या असत्या, बिनवासाचा साबणही राहिला असता. पण त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त हेवा वाटत होता, पाचव्या बरणीतल्या माणसाचा.

"पाचवी," ते म्हणाले.

अध्यक्षबाईंनी कागदावर फुली मारली. बायकोने पट्टी काढली आणि उठून येऊन सगळ्या समितीदेखत सरांच्या मानेशी नाक नेलं. सर घामाने निथळत होते.

"इतकी वर्षं कुठे होतात?" तिने विचारलं.

सरांनी अध्यक्षबाईंच्या डब्यातला कांदा उचलला, अर्धा कचकन चावला आणि उरलेला बायकोच्या हातात दिला.