पैलवानाचे पाय

"बाबा, साध्या अक्षरात टाका ना," मुलगी म्हणाली. "पैलवान नको."

"दुरून दिसायला हवं," अक्षरवाले म्हणाले आणि त्यांनी छापखानेवाल्याला 'चालू कर' अशी खूण केली.

पैलवान हा त्यांनी स्वतः काढलेला छपाईच्या अक्षरांचा टाइप. तरुणपणी एका वर्तमानपत्राच्या मथळ्यांसाठी त्यांनी तो घडवला होता. अक्षरांचे खांब जाडजूड, काळेकुट्ट आणि खांबांच्या टोकांना केसासारखे बारीक आडवे पाय. नाव बायकोनं ठेवलं. "अंगानं पैलवान आणि पाय बघा, बगळ्याचे!" लहान आकारात ते पाय छपाईत गायब होत, त्यामुळे मजकुरासाठी तो कुचकामी, पण मोठा केला की रस्त्यापलीकडच्या माणसानं मान वळवलीच पाहिजे. एकेक अक्षर काढून झालं की ते भिंतीला लावत आणि बायको स्वयंपाकघराच्या दारातून डोळे बारीक करून निकाल देई, "उभं राहिलं," नाहीतर "पडतंय." पडलेलं अक्षर ते निमूटपणे पुन्हा काढत. संपादकांशी हमरीतुमरीवर येणारा हा माणूस, पण दारातल्या त्या निकालापुढे त्याचं काही चालत नसे.

तीच बायको कालपासून बेपत्ता होती. गेली काही वर्षं तिची आठवण पुसट होत चालली होती. काल दुपारी अक्षरवाल्यांचा डोळा लागला आणि ती घरातल्याच चपला घालून बाहेर पडली. दोन वेळा इन्सुलिन लागणारी बाई. पोलीस झाले, मोठी इस्पितळं पालथी घालून झाली. "आज सापडायलाच हव्यात," एवढंच डॉक्टर म्हणाले होते आणि पुढचं बोलले नव्हते.

कागद छापून आले. वर तिचा हसरा फोटो, खाली पैलवानात 'हरवली आहे', त्याखाली फोन नंबर. त्या घाईतही छापण्याआधी दोन शब्दांमधली जागा अक्षरवाल्यांनी दोनदा सारखी करून घेतली होती, तेव्हा मुलगी रडकुंडीला आली होती.

बापलेकीनं बाजार, शाळा, बसस्टँड, कुठलीही भिंत सोडली नाही. दुपार झाली तरी फोन गप्पच. स्टँडवर दोन मुली कागदापुढे थांबल्या, तसे अक्षरवाले दोन पावलं पुढे सरकले.

"कुठे लागलाय गं हा?"

"काय माहीत. हिरोइन म्हातारी दिसतेय. वेगळा असणार पिक्चर."

आणि मुली बसमध्ये चढल्या.

अक्षरवाल्यांनी ती भिंत नीट पाहिली. शेजारी सिनेमा, वर सर्कस, खाली चपलांचा सेल, कोपऱ्यात साबण. जाहिरातवाल्यांनी तो टाइप कधीच उचलला होता, सगळे पैलवानातच ओरडत होते. जन्मभर त्यांनी हे कौतुकानं पाहिलं होतं. लोकांच्या डोळ्यांना मात्र आता सवय झाली होती, की हा टाइप दिसला म्हणजे कुणालातरी काहीतरी विकायचंय. ते फुटपाथवर बसले.

"मी तिची जाहिरात करून टाकली गं."

"ते नंतर, बाबा." मुलीनं कोरे कागद आणि मार्कर त्यांच्यापुढे धरला. "लिहा."

"माझा हात..."

"कसंही लिहा!"

हात कधीपासूनच थरथरत होता. चारचौघांत ते सहीसुद्धा करत नसत. आता भर रस्त्यात, गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं, 'माझी बायको हरवली आहे. तिला काही आठवत नाही. इन्सुलिन लागतं. दिसली तर फोन करा.' अक्षरं लंगडत, एकमेकांवर कोसळत गेली. फोटो आणि नंबर उघडे राहतील अशा बेतानं ते कागद त्यांनी पैलवानावर चिकटवले.

आता लोक थांबू लागले. "आजोबा, कधीपासून?" फळवाल्यानं विचारलं. एका ड्रायव्हरनं तर अख्खा कागदच काढून नेला, शेवटच्या स्टॉपवर दाखवतो म्हणाला. ऊन उतरायच्या सुमारास त्याचाच फोन आला. बाई बाकावर निपचित पडल्या होत्या. जवळच्या दवाखान्यात नेलंय.

ती खाटेवर होती, हाताला सलाइन. शुद्धीवर आली होती. मुलगी "आई!" म्हणत बिलगली, तेव्हा परक्या पोरीला थोपटावं तसं तिनं तिला थोपटलं. उशाशी ड्रायव्हरनं आणलेला तो कागद होता. तिनं तो हात लांब करून धरला, डोळे बारीक केले.

"कोणी लिहिलंय हो?" तिनं अक्षरवाल्यांनाच विचारलं. "बिचाऱ्याची बायको हरवलीय. पण एक अक्षर उभं नाही. सगळी पडतायत."

अक्षरवाल्यांनी वाकून कागद पाहिला.

"आमच्या ह्यांच्याकडे घेऊन जा," ती म्हणाली. "नीट काढून देतील. त्यांचा हात कधी हलत नाही."

"नेतो," अक्षरवाले म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी कागद घेतला आणि उजवा हात पाठीमागे लपवला.