तिसऱ्या रांगेतली मूर्च्छा

"काळीज कच्चं असेल त्यानं घरीच बसावं..." गाडीवर बांधलेल्या कर्ण्यातून तो आवाज गल्लीत आला तेव्हा ती खिडकीत केस विंचरत होती. काळीज कच्चंच होतं. तिनं आवाजाशी लग्न केलं. घरी आला तो माणूस.

माणूस भुताचे सिनेमे काढायचा. स्वतःला भयसम्राट म्हणवायचा. लोक त्याला 'भॉ' म्हणायचे. त्याचं भूत म्हणजे पिठात बुडवलेला त्याचा मेहुणा. सगळी अक्कल थिएटरच्या दारात खर्च व्हायची: शवपेटी, भाड्याची नर्स, उभी रुग्णवाहिका. आणि आत तिसऱ्या रांगेत बायको. मध्यंतराआधी तिनं किंकाळी फोडून कोसळायचं, दोघांनी स्ट्रेचरवरून बाहेर न्यायचं. त्यामुळे नवऱ्याच्या एकाही सिनेमाचा उत्तरार्ध तिनं पाहिला नव्हता. तो विचारायचा, "कसा झालाय?" ती म्हणायची, "छान."

या खेपेला तो जेवता जेवता म्हणाला, "हल्ली तू पडायच्या आधी खुर्चीच किंचाळते. पुढच्या सिनेमाला पोरगी पडेल. गावोगाव हिंडायचंय."

"बाबा, माझी परीक्षा आहे."

"परीक्षा काय, दरवर्षी येते. सिनेमा रोज येतो का?"

आईनं घास गिळला. गिळायची सवय जुनी, घास असो की शब्द.

या सिनेमाच्या पहिल्या खेळाला आईच पडली. स्ट्रेचरवाले मात्र चहाला गेलेले. ती फरशीवर डोळे मिटून पडून राहिली, तोच मागून कुणी म्हणालं, "मावशी, पाय आत घ्या, आम्हाला निघायचंय."

"अजून अर्धा आहे की," ती डोळे न उघडताच म्हणाली.

"मावशी पडली की संपला. पुढं काय असतंय?"

ती उठून खुर्चीत बसली आणि उरलेला सिनेमा तिनं एकटीनं पाहिला. विहिरीतून मेहुणा वर आला. पीठ ओलं होऊन त्याची कणीक झाली होती.

बाहेर, शवपेटीशेजारी, नवरा पोरीला खुर्चीवर बसवून शिकवत होता, "आधी डोळे फिरव, मग मान टाक." बायकोला पाहून त्यानं सवयीनं विचारलं, "कसा झालाय?"

"उठ गं," ती पोरीला म्हणाली, "घरी जाऊन अभ्यासाला बस." मग त्याच्याकडे वळली. "भिकार झालाय, अहो. आधीचेही तसलेच असणार. मी न बघताच छान म्हणत आले."