टेकू लावलेलं घर

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनची खोड आहे. माहेरी मानवतला आई म्हणायची, या पोरीच्या तळपायाला निखारे बांधलेत. पण त्या पावसाळ्यात मला जी तगमग लागली होती ती खोडीची नव्हती. माझ्या सासूच्या डोक्यावरची तुळई आतून पोखरत चालली होती, आणि आमच्या घराला आदर्श घराची पाटी मिळायची होती म्हणून त्या तुळईला कुणी हात लावू देत नव्हतं.

सुरुवात चांगल्या गोष्टीनं झाली होती, ते आधी सांगते. उगीच कुणाला नावं ठेवायला नकोत.

माझी सासू चतुराबाई. आम्ही तिला आत्याबाई म्हणतो. जन्मभर चुलीपुढं बसून तिची छाती गेली होती. रात्र झाली की भात्यासारखी घरघर सुरू व्हायची आणि बोलता बोलता वाक्य अर्धंच राहायचं. मग एका संस्थेची माणसं चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून आमच्या गावात आली आणि घरोघर बिनधुराची चूल घालून देऊ लागली. मातीचीच चूल, फक्त मागं धुराडं. धूर सरळ माळवदाच्या, मातीच्या धाब्याच्या, वर. गावातल्या बायका हसल्या. मी मात्र पदर खोचून दुसऱ्याच दिवशी घालून घेतली. वर्षभरात आत्याबाईंची घरघर थांबली. एके दिवशी त्या जात्यावर बसल्या आणि चक्क ओवी म्हणाल्या. मी परसात होते, मला आधी कळेना की घरात कोण बाई आली. कळलं तेव्हा मला रडूच कोसळलं. त्या चुलीला मी अजून नमस्कार करते.

पुढच्या वर्षी त्याच संस्थेनं पाटीची टूम काढली. ज्या घरात धूर नाही, सांडपाणी शोषखड्ड्यात जातं, परसात झाडं आहेत, खिडकीतून वारा येतो, आणि जे घर आपल्याच रानातल्या मातीचं, लाकडाचं आहे, त्याला गुण. गुण जास्त तर दारावर पितळी पाटी. सिमेंट वापरलं तर उलट गुण कमी.

हे ऐकून आमचे हे हवेतच तरंगायला लागले. त्यांना सगळं गाव व्यंकटी म्हणतं. शेजारी दत्तरावांनी स्लॅबचं घर बांधल्यापासून यांनी खाली मान घातली होती. दत्तराव पारावर म्हणायचे, "व्यंकटी, तुझ्या मातीच्या बिळात कवा तरी साप निघंल बघ." उन्हाळ्यात तेच दत्तराव दुपारची झोप काढायला आमच्या ओसरीवर येत, स्लॅबखाली भाजून निघत म्हणून. पण ते कुणी बोलायचं नाही. आता शहरातली शिकली सवरली माणसं सांगत होती की मातीचं घर शहाणपणाचं. आत्याबाईंनी नवी नवरी असताना या माळवदाची पांढरी माती पाटीपाटीनं डोक्यावर वाहिली होती. यांना वाटलं, आईच्या कष्टाला कुणीतरी दाद दिली. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

संस्थेचे बन्सीधर साहेब उन्हाळ्यात पाहणीला आले. साधा माणूस, सायकलवर यायचा, मला वहिनी म्हणायचा. त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं, माठातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "घर एक नंबर आहे. फक्त वर एवढी काजळी कशी? बिनधुराचं घर म्हणायचं आणि तुळया कोळशासारख्या. समितीला शंका येईल. खरवडून चुना मारा, पहिला दर्जा कुठं जात नाही."

झालं. आम्ही दोघांनी विळे, खुरपी घेतली. पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी ती, डांबरासारखी चिवट झालेली. चार दिवस खरवडत होतो. आमची तोंडं अशी झाली की आत्याबाई हसून हसून लोळल्या. एका भिंतीला धान्याची कणगी होती, तिच्यामागं शिडी लागेना, तेवढा हातभर तुकडा काळाच राहिला. बाकी सगळ्या तुळया पांढऱ्याशुभ्र. माजघरात इतका उजेड झाला की आत्याबाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरी निजल्यावानी वाटायलंय गं."

आषाढात कधीतरी परातीतल्या पिठावर मला पिवळा भुगा दिसला. झटकला. दुसऱ्या दिवशी परत. मग आत्याबाईंच्या बाजेवर, उशाशी. माजघरातल्या मधल्या तुळईखालीच त्यांची बाज असते, तिथं ऊब असते म्हणून. मी शिडी लावून वर गेले. चुन्यात मोहरीएवढी भोकं. तुळईला भुंगा लागला होता. बोटानं वाजवलं तर पोकळ आवाज आला. मग कणगीमागचा काळा तुकडा पाहिला, त्याच तुळईचं टोक ते. तिथं एक भोक नाही. ठणठणीत.

कळायला काही अक्कल लागत नव्हती. त्या धुरानं आत्याबाईंची छाती खाल्ली होती आणि त्याच धुरानं आमची लाकडं राखली होती. धूर गेला ते बरंच झालं. पण उरलेली काजळीसुद्धा आम्ही आपल्या हातानं, गुणांसाठी खरवडून काढली.

संध्याकाळी यांना सांगितलं. "चुना झडायलाय," म्हणाले.

"चुना पिवळा असतो व्हय?"

त्यांनी भुगा चिमटीत धरला, पाहिला आणि झटकून टाकला. "दिवाळी झाली की माळवद उकरू, तुळई बदलू. आता पावसाळ्यात घर उघडं टाकायचं काय?"

"मग तवर टेकू द्या. बाभळीचं एक खोड, बास."

"टेकू?" यांचा चेहराच उतरला. "समिती यायलीय अन् टेकू? टेकू दिसला की मोडकळीला आलेलं घर म्हणून कागद फाडतेत ते. बन्सीधर साहेबानं मला सोता सांगितलंय. पाटी होऊ दे. त्याच दिवशी देतो टेकू."

समिती आठ दिवसांत यायची होती. पण त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून कुठं ठिणगी पडली की बंद व्हायचा आणि एसटी जागच्या जागी थांबायच्या. तसंच झालं. समितीचा दिवस पुढं गेला. परत ठरला, परत गेला. इकडं झड लागली. सूर्य दिसेना. माळवदावरची माती पाणी पिऊन पिऊन जड होत होती, आणि ते ओझं मला माझ्या मानेवर जाणवायचं. भाकरी थापताना कान वर. मी धुणं टाकून मधेच घरात यायचे, बाजेकडं पाहायचे, परत जायचे. बाज सरकवायला गेले तर बाकी माजघर गळत होतं, कोरडी जागा तेवढीच.

"आत्याबाई, ओसरीवर निजता का?"

"ओसरीवर सर्द वारं हाय. माझी छाती धरंल."

"मग दत्तरावाच्या घरी? चार दिवस?"

"मी? दत्तरावाच्या घरी?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचा शब्द गिळला. "कामून अशी भिरभिर करायलीस गं? बस जरा."

कुणीच ऐकत नव्हतं. आणि मला सगळ्यात जास्त राग यायचा तो या गोष्टीचा की यांचं आईवर प्रेम नव्हतं असंही नाही. रोज तिचे पाय चेपत होते. त्याच बाजेवर बसून, त्याच तुळईखाली. चेपता चेपता सांगायचे, "माय, तुझ्या घराला पाटी लागंल. दत्तरावाच्या नाकावर टिच्चून लागंल." आणि त्या म्हणायच्या, "लागू दे बाबा."

एका दुपारी गावातलं एक माणूस चुडाव्याहून निरोप घेऊन आलं. गाड्या सुरू झाल्या, समिती उद्या सकाळी येणार. यांना किती आनंद झाला! सदरा धुवायला टाकला. मला म्हणाले, "भुगा नीट झाड. भोकावर चुन्याचं बोट फिरव."

तिथं माझं डोकं फिरलं. आत्याबाई मागच्या दारात शेजारच्या लेकरांना शेंगा सोलून देत होत्या. मी त्यांची वाकळ काढली, यांची सतरंजी आणली आणि बाजेवर अंथरली.

"ही काय भानगड?"

"आज मायच्या जागंवर तुमी निजा."

"येडी झालीस काय?"

"घर पयल्या दर्ज्याचं हाय ना? मग भ्यायलात कशाला? रोज म्हातारी निजायलीय. तुमी एक दुपार निजा. उठल्यावर मी भोकं बुजवते, पुन्यांदा तोंड उघडत न्हाई."

हे हसले. मला दाखवायचं म्हणून ऐटीत आडवे झाले, डोक्याखाली हात घेऊन. मी उंबऱ्यावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी गप्प बसले असेन. वर पाऊस भुरभुरत होता. घर शांत होतं. आणि मग तो आवाज आला. करकर, करकर, अगदी बारीक, लाकडाच्या पोटातून. एरवी वावरता वावरता ऐकू येत नाही, पाठीवर निजून गप्प पडलं की येतो. यांचं हसू हळूहळू मावळलं. भुगा त्यांच्या कपाळावर पडला, मग पापणीवर. त्यांनी पुसला नाही. वर पाहत राहिले. मग तुळईनं एक उसासा टाकल्यासारखा आवाज केला आणि हे ताडकन उठले.

माझ्याकडं न पाहता कुऱ्हाड घेऊन गेले. पावसात बांधावरची बाभूळ तोडली, खोड एकट्यानं खांद्यावर आणलं. अंधार पडायच्या आत माजघराच्या मधोमध टेकू उभा होता. ठोकून ठोकून बसवला. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं.

सकाळी समिती आली. अध्यक्ष दिनकरराव, धोतर टोपीतले भारदस्त गृहस्थ, आणि बन्सीधर साहेब. दिनकररावांनी चुलीला वाकून पाहिलं, शोषखड्डा पाहिला, भिंतीवर पंजा ठेवून "वा, काय गारवा" म्हणाले. आत आले आणि टेकूपुढं थांबले.

"हे काय?"

बन्सीधर साहेबांचा चेहरा पडला. "उन्हाळ्यात नव्हतं हे, साहेब."

हे खाली मान घालून उभे. मग मीच बोलले. बाईनं बोलायचं नसतं, माहीत होतं. "साहेब, काल टेकू नव्हता तवा ह्ये घर पडायला आल्तं. आज ते उभं हाय. कालच्या घराला पाटी देणार हुते तुमी, आजच्याला न्हाई?"

दिनकरराव रागावले नाहीत. "बाई, टेकू असेल तर घर धोकादायक धरायचं, असा नियम आहे."

"अन् तुमच्या गुणासाठी काजळी खरवडली, म्हणून भुंगा लागला. त्येचे गुण?"

बन्सीधर साहेब वर पाहत होते. कणगीमागचा काळा तुकडा मी त्यांना दाखवला, आणि त्याच्या शेजारची भोकं. "वहिनी," ते म्हणाले, "धूर माणसाचं काय करतो ते आम्ही मोजलं. लाकडाचं काय करतो ते कुणी विचारलंच नाही. कागदात तसा रकानाच नाही. मी वर कळवीन."

"कळवा," मी म्हणाले. "पर चुली बंद करू नका. चुली लय चांगल्या हायत."

ते निघून गेले. पाटी त्यांच्या पिशवीतच होती, पितळेची कड मला दिसली. हे त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेले. समोरच्या गच्चीवर दत्तराव उभे होते, सगळं पाहत.

मी आत आले तर आत्याबाई बाजेवर बसल्या होत्या, टेकूला पाठ लावून.

"झालं का गं पास घर?"

"न्हाई, आत्याबाई. नापास."

त्यांनी मान हलवली. मग अगदी सहज म्हणाल्या, "तो भुंगा लय दिवसापसून करकर करायलाय. मला झोप न्हाई बघ. रातभर वर बघत पडायची."

"तुमाला ऐकू यायचं?"

"मोप ऐकू यायचं. कान गेले न्हाईत माझे."

"मग बोलला का न्हाईत? मी इकडं जीव टाकायलेय, अन् तुमी!" मला इतका संताप आला, आणि इतकी माया, की काय करावं कळेना. मी त्यांचा दंड धरून हलवलाच.

"बोलले असते तर त्यानं लगीच टेकू दिला असता. मग पोराची पाटी गेली असती," त्या म्हणाल्या. "लय दिसांनी मान वर करून चालायला हुता गं तो."

पाहते तर हे दारात उभे. वेशीवरून कधी परतले कळलं नाही. सगळं ऐकलं होतं.

"पाटी गेली ना?" आत्याबाईंनी त्यांनाच विचारलं. "मग आता निजू दे मला." आणि कुशीवर वळून भरदिवसा निजल्या. थोड्या वेळात घोरायलाही लागल्या. हे आत आले, बाजेशेजारी उघड्या भुईवर आडवे झाले, आणि आई जागी होईपर्यंत तिथून उठले नाहीत.