डोमाची प्लेट

अड्याळला माझं गॅरेज आहे. जुन्या पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवायचं तर भूपेंद्रकडेच जा, असं साकोलीपर्यंत लोक सांगतात. सांगू देत बापडे. त्यांना काय ठाऊक.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. एकोडीच्या राइस मिलवाल्या जागेश्वरभाऊंनी मिलिटरीच्या लिलावातला एक जुना ट्रक घेतला. चारही चाकांना जोर, कसल्याही चिखलातून धानाची पोती बाहेर काढायचा. पण पेट्रोल पिण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. भाऊंनी नागपूरच्या कबाडीतून एका गाडीचं डिझेल इंजिन आणि दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आणून माझ्या दारात टाकला.

"भूपेन, पोळ्याले गाडी तोरणाखाली पायजे. बैलाच्या रांगेत उभी करतो. साऱ्या गावाले दिसू दे."

पोळ्याला तीन आठवडे होते. मी हो म्हणालो. नाही म्हणायची सवय मला कधीच नव्हती, हाच तर रोग.

दोन वेगळ्या गाड्यांचे हे भाग एकमेकांना धरत नाहीत. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागते. तिची भोकं एका बाजूनं इंजिनाला जुळतात, दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्सला. केसभर सरकली तरी गिअरबॉक्सचा दांडा तिरका फिरतो आणि बेअरिंग खातो. या प्लेटा मी आसगावच्या डोमाभाऊकडून करून घ्यायचो. बौद्ध मोहल्ल्यात घराच्या ओसरीतच त्याची लोखंड कातायची लेथ मशीन होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, आणि हात असा की माप घ्यायला पुन्हा जावंच लागू नये. त्याची एक रीत होती. प्लेटची जी बाजू इंजिनाकडे जायची, तिच्यावर तो बारीक ठिपका ठोकायचा. सांगायचा नाही, लिहायचा नाही. मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं.

पोळ्याच्या सकाळी जागेश्वरभाऊ हार-नारळ घेऊन गॅरेजात येऊन बसले. सोबत चार माणसं. चहावर चहा चालला होता आणि दर पाच मिनिटांनी "झालं का गा?" मी डोमाभाऊनं करून दिलेली प्लेट उचलली, लावली, दोन भोकं जुळेनात. जरा थांबून प्लेट उलटून बघायची होती. पण चार माणसं बघताहेत आणि उस्ताद अडलाय, हे मला सहन झालं नसतं. गोल कानस घेतली आणि ती दोन्ही भोकं घासून लांबट केली. बोल्ट गेले. गाडी सुरू झाली. नारळ फुटला.

एकोडीपर्यंत गिअरबॉक्स कण्हत होता. मी ऐकत होतो आणि मोठमोठ्यानं बोलत होतो, म्हणजे भाऊंना ऐकू येऊ नये. तोरणाखाली ट्रक उभा राहिला, एका बाजूला झूल घातलेले बैल, दुसऱ्या बाजूलाही बैल. तोरण तुटलं, बैल निघाले, भाऊंनी गिअर टाकला आणि आत काहीतरी कडाडून मोडलं. मागचे बैल बिथरले. ट्रक तिथेच, मध्यात. ओढून काढायला बैलजोडी कोण देणार? पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर कोणी जू ठेवत नाही. शेवटी वीस माणसांनी हसत, शिव्या घालत तो ढकलला.

"काय झालं बे?" भाऊ सगळ्यांसमोर ओरडले.

"डोमाची प्लेट तिरपी हाय," मी म्हणालो.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. एक क्षणही विचार करावा लागला नाही, याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. भाऊंनी लगेच मान हलवली. माझ्याऐवजी त्या मोहल्ल्यातल्या माणसाचा दोष मानणं त्यांना किती सोपं जाईल, हे मला ठाऊक होतं. मी त्याचाच फायदा घेतला.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला. ठिपका माझ्याकडे तोंड करून होता. इंजिनाकडे नव्हे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अंगणवाल्यालाच वाकडं ठरवलं होतं. प्लेट भंगारात घातली आणि नागपूरहून नवी करून आणली.

आठवड्यानं डोमाभाऊ सायकलवर आला. भांडायला नाही.

"प्लेट दाखव ना, भूपेन. कुठं चुकलो ते पाहू दे."

"भंगारात गेली, डोमाभाऊ."

त्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग गेला.

जागेश्वरभाऊंच्या मिलच्या रोलरचे शाफ्ट दर वर्षी त्याच्याकडे यायचे. तेच त्याचं मोठं काम. त्या वर्षी ते गोंदियाला गेले. बाकी कामही आटत गेलं, कारण मिलवाल्यानं सोडला तो बाकीच्यांनीही सोडला. मीही त्याच्याकडे जाणं टाळायचो. पवनीला जायचं तर आसगाव टाळून वाट वाकडी करायचो.

दीड वर्षानं त्यानंच निरोप पाठवून बोलावलं. डोळ्यांवर जाड चष्मा होता. तुळसावहिनींनी चहा दिला. लेथवर गोणपाट टाकलेलं.

"मशीन तू घे," तो म्हणाला. "परक्याले द्याची नाई मले. डोळ्याचा भरोसा नाई आता. एक माप तीनदा घेतो, तरी हात थरथरते. त्या पोळ्याले माह्यामुळं तुही इज्जत गेली, तेवढं तरी फिटन."

मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. उलटी लावलेली प्लेट, कानस, भंगार. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

डोमाभाऊनं चष्मा काढला. "म्हंजे माहे डोळे बराबर होते?"

"होते."

"दीड वर्ष झालं गा," वहिनी म्हणाल्या. "राती उठून सुईत धागा घालून पाहे हा माणूस."

डोमाभाऊ शांतपणे म्हणाला, "जिथं सांगतलं, तिथं जाऊन सांग."

त्याच दुपारी एकोडीला गेलो. मिलच्या अंगणात हमाल होते, मुनीम होता. मी सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं होतं, आणि सांगितलंही. चूक माझी होती, डोमाभाऊची प्लेट बरोबर होती.

जागेश्वरभाऊ धानाची मूठ नाकाशी धरून वास घेत होते.

"कोणता डोमा?" त्यांनी विचारलं.

मी आठवण करून दिली. पोळा, तोरण, ट्रक.

"अरे, ते होय!" ते हसले. "चालून राहिली ना गाडी आता? मंग कायले जुनं उकरतं? शाफ्ट तं गोंदियाचा पोरगा बढिया करते. जा, चहा घे."

एका माणसाची दीड वर्षाची झोप मी ज्या वाक्यानं उडवली, ते वाक्य ज्याला सांगितलं त्याच्या लक्षातही नव्हतं.

परत आलो तर डोमाभाऊ ओसरीत उभा होता. अंघोळ केलेली, धुतलेला सदरा.

"काय म्हणला?"

खरं बोलायलाच मी गेलो होतो. पण त्याच्या तोंडाकडे बघून मला भाऊंचं उत्तर सांगता येईना.

"वाईट वाटलं त्यायले," मी म्हणालो. "म्हणे, शाफ्ट आता डोमाकडंच पाठवतो."

त्यानं लेथवरचं गोणपाट ओढून काढलं. मशीन मला दिली नाही. रोज तेलपाणी करतो, पट्टा ताणून ठेवतो. मी दिसलो की विचारतो, "मिलचा माल कधी येते गा?"

"कापणी झाल्यावर," मी सांगतो. तीन कापण्या झाल्या.