पत्रीवाले महाराज आणि धुरपताबाईंचा धूप

हनुमानाच्या देवळापुढे सकाळपासून रांग लागली होती. नवेगाव बांधाच्या अलीकडच्या त्या छोट्याशा गावात एवढी माणसं आहेत, हे खुद्द गावालाही त्या दिवशीच कळलं असावं. रांगेच्या टोकाला, मंडपात, भगवी लुंगी नेसलेले आणि मनगटावर चकचकीत घड्याळ बांधलेले पत्रीवाले महाराज बसले होते. मांडीशी थर्माकोलचा पेटारा. त्याचं झाकण उघडलं की आतून गार वाफ यायची आणि पुढच्या बायका डोळे मिटून घ्यायच्या.

“ये कैलास की ठंडक है, माई!” महाराज सांगत. “खोडकिडा म्हणजे किडा नव्हे, शाप आहे शाप! आणि शापावर दवा नहीं चलती. फवारणी केली की पत्री कोपते. दिवस मावळताना धानाच्या पानाखाली पत्री टाचा आणि मागं न बघता घरी या.”

पत्री म्हणजे बोटभर कागदाची पट्टी. तिच्यावर खसखशीसारखे बारीक, काळसर दाणे चिकटवलेले. मंत्र घोटून घोटून काळे पडलेत, असं महाराजांचं म्हणणं. मंत्र इतका घोटला की तो पातळ कसा होत नाही, हे कुणी विचारलं नाही. कारण मागच्या खेपेला पत्री नेलेल्या बऱ्याच जणांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, खरोखरच हिरव्यागार उभ्या होत्या. दिसतंय ते खोटं कसं म्हणायचं?

रांगेत धुरपताबाई उभ्या होत्या त्या मात्र पडल्या चेहऱ्यानं. मागच्या खेपेची पत्री त्यांनीही नेली होती, आणि तिची सेवा त्यांच्याइतकी सबंध गावात कुणी केली नव्हती. आधी लाल कापडात गुंडाळून देवघरात ठेवली. हळदकुंकू वाहिलं. मग निखाऱ्यावर राळ आणि धूप टाकून, पट्टी त्या धुरावर धरून, सकाळ-संध्याकाळ ओवाळली. घरात इतका धूर झाला की मुलगा ओमेश ओसरीत बसून जेवू लागला. मगच धुरपताबाईंनी अनवाणी जाऊन पत्री बांधीत टाचली. एवढं करून त्यांच्याच धानात गाभेमर! मधला पोंगा पिवळा पडायचा, ओढला की अलगद हातात यायचा, आणि त्याच्या बुडाशी किडा खाऊन सुस्त पडलेला असायचा.

याउलट धुऱ्यापलीकडच्या, शेजारच्या बांधीचे यादोराव. बुद्धविहारात जाणारा माणूस, महाराजांपुढे हातसुद्धा जोडले नव्हते. त्यांच्या बायकोनं, पार्वताबाईनं, पत्री आणली म्हणून त्यांनी ती चपला न काढता, बिडी विझवून, पानाला टाचली आणि सरळ चहाच्या टपरीवर गेले. त्यांची बांधी नजर लागावी अशी होती.

धुरपताबाईंनी हे सगळं महाराजांना सांगितलं. महाराजांनी डोळे मिटले. कठीण प्रश्न आला की ते डोळेच मिटत.

“घर में कोई नया कदम आया है?”

“उन्हाळ्यात सून आणली, महाराज.”

“बस! उसी का दोष है. धान कटेपर्यंत तिला माहेरी धाडा. या पत्रीवर तिची सावली पडू देऊ नका.”

त्यांनी नवी पत्री धुरपताबाईंच्या हातावर ठेवली. दोन-चार बायकांनी मान हलवली, जणू आपल्याला हे आधीच ठाऊक होतं.

धुरपताबाई घरी आल्या त्या पाय ओढत. सून रुची त्यांना मनापासून आवडत होती. देवरीच्या कॉलेजात विज्ञान शिकलेली, पण तोरा नाही. ती आल्यापासून घरात बोलायला माणूस झालं होतं. तिला ‘जा’ म्हणायचं कोणत्या तोंडानं? आणि नाही म्हणावं तर वर्षाचं धान डोळ्यांदेखत वाळत होतं.

“आई, तू पागल झाली का?” महाराजांचं बोलणं ऐकून ओमेश कडाडला.

“मंग धान गेलं त खाशीन काय? लोकं का म्हणून राह्यले, आयकलं का तू?”

रुची आत गेली. तिनं बॅग भरली. देवरीची बस धरायला निघताना मात्र ती उंबऱ्यात थांबली.

“आई, जातो मी. पण ज्याच्यासाठी मले घराबाहेर काढून राह्यले, ते एक डाव पाहू त द्या.”

धुरपताबाईंना नाही म्हणवेना. नव्या पत्रीचं लाल कापड त्यांनी स्वतःच उलगडलं. रुचीनं पट्टी उजेडात धरली, जवळून पाहिली, आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू सोडून ती हसायलाच लागली.

“आई, मंत्र नाही हा. अंडी होत!”

“कोणाची अंडी?”

“आज नाही जात मी. उद्या पाहा, मंग तुमीच सांगा, जाऊ का राहू.”

तिनं पट्टीचे दोन तुकडे केले. एक काचेच्या बरणीत टाकून वर पातळ कापड बांधलं. दुसरा सासूच्या हातात दिला. “याले धूप द्या. नेहमीसारखा, मन लावून.” धुरपताबाईंनी त्या दिवशी राळ जरा जास्तच टाकली; सूनबाई स्वतःहून देवाचं सांगते म्हणजे काय! तो तुकडा दुसऱ्या बरणीत गेला.

सकाळी पहिल्या बरणीच्या काचेवर धूळ चढली होती. धुरपताबाई पदरानं पुसायला गेल्या तर धूळ आतून होती, आणि चालत होती.

“बापा! काय होय हे?”

“बारीक गांधीलमाश्या. चावत नाहीत, डोळ्याले धड दिसतही नाहीत. खोडकिड्याचा पतंग धानाच्या पानावर अंडी घालते ना, त्या अंड्यात या आपलं अंडं घालतात. मंग त्यातून अळी निंघतच नाही, हीच निंघते. प्रयोगशाळेत तयार करतात अशी कार्डं, कोणालेही भेटतात. महाराजांनी नाव फाडलं अन् मंत्र डकवला.”

“अन् ते कैलासचं गार?”

“बर्फ होय. गार ठेवलं का लवकर बाहेर येत नाहीत. फवारणी केली का मरतात, म्हणून पत्री कोपते.”

धुरपताबाईंनी दुसरी बरणी उचलली. हलवली. काचेला डोळा लावला. कागद तसाच काळा, आत काहीसुद्धा हलत नव्हतं. त्यांनी ती हळूच खाली ठेवली.

“म्हंजे मीच धुरानं मारले यायले? अन् दोष तुह्यावर घातला?”

  धुरपताबाईंनी दोन्ही बरण्या पदराखाली घेतल्या आणि सुनेचा हात धरून देऊळ गाठलं. रांग मोडून त्या सरळ पेटाऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

“महाराज, हे काय होय?”

महाराजांनी बरणी पाहिली. घड्याळ पाहिलं. डोळे मिटले. “ये... ये दैवी सेना है, माई!”

“धुपानं मरते अशी कशी दैवी सेना? देवाची सेना अन् देवाचाच धूप सोसत नाही?”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग हसू रांगेतून पसरत गेलं. बरण्या हातोहात फिरू लागल्या. रुची प्रत्येकाला माश्यांचं काम समजावून सांगत होती.

“मी त हातही जोडले नव्हते,” गलका ऐकून आलेले यादोराव म्हणाले. “तरी माह्या बांधीत सेना लढली. महाराज, तुमी आता मंत्र राहू द्या, कार्डं कुठं भेटतात तेवढा पत्ता सांगा.”

महाराजांनी आधी शापाची भीती घालून पाहिली. कुणी घाबरेना, तेव्हा पत्ता सांगितला. गावानं त्यांना चहा पाजला आणि पेटाऱ्यासकट बसमध्ये बसवून दिलं.

लोक पांगू लागले तशा धुरपताबाई ओट्यावर चढल्या. आयुष्यात त्या कधी चार माणसांपुढे बोलल्या नव्हत्या. 

“थांबा थोडे. मले सांगायचं हाय. धान माह्या हातानं गेलं, अन् घराबाहेर मी सुनेले काढून राह्यली होती. रुची, चुकलं माहं. सगळ्यायसमोर सांगतो, चुकलं.” त्यांनी डोळे पुसले. “अन् तुमीही आयका. काल महाराज बोलले तवा तुमीही माना हलवल्या. पुढच्या खेपेले धान वाळलं त बांधीत जा. पोंगा उपटा, चिरून पाहा. पानावर अंडी हायेत का पाहा. रोवायच्या आधी पऱ्ह्याच्या रोपायचे शेंडे खुडा, किडे खाणाऱ्या पाखरायले बसाले काड्या रोवा, हे कार्ड लावा, न समजलं त शिकलेल्याले इचारा. पण किडा लागला धानाले, त बाईले कायले घराबाहेर काढता?”

 काल मान हलवणाऱ्या बायकांपैकी एक पुढे आली आणि बरणी मागून घेऊन, कापड बाजूला न करता, आत नीट पाहू लागली.