दोन पान्यांचं काम

पुलाच्या मधल्या जोडावर एकट्या माणसाला काहीच करता येत नाही, हे बाबांनी चिमीला ती फ्रॉक घालायची तेव्हाच दाखवून ठेवलं होतं. जोडाच्या दोन जाड लोखंडी पट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या, माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढ्या. अलीकडच्या पट्टीवर बोल्टची डोकी, पलीकडच्या पट्टीवर नट. इकडच्यानं पाना लावून डोकं धरायचं, तिकडच्यानं नट फिरवायचा. कुणी धरलंच नाही तर नटाबरोबर बोल्टही गरागरा फिरत राहतो, आणि नुसतं धरलं तर काय, धरून बसा. वर्षातून दोनदा, हिवाळ्याच्या आधी आणि नंतर, दोन देशांची माणसं आपापल्या काठावरून चालत मध्यावर यायची आणि हे काम उरकायची.

हे असं मुद्दाम केलेलं होतं. आधीच्या पुलाच्या दोन्ही टोकांना पलीकडचेच पहारेकरी असत. पलीकडचा देश मोठा, अलीकडचा लहान, आणि मोठ्यानं लहानाला बरीच वर्षं खिशात घालून ठेवलं होतं. आजोबांना स्वतःच्याच गावात शिरताना त्या पहारेकऱ्यांपुढे टोपी काढून उभं राहावं लागे. पुढे लढाई झाली, तो पूल पडला, तह झाला, नवा पूल उभा राहिला. दोन्हीकडच्या शहाण्यांनी तेव्हा ठरवलं, की मधला जोड कुणा एकाच्या हाती राहता कामा नये. बाबा म्हणायचे, ‘‘मालक आणि शेजारी यांच्यात फरक एवढाच, की शेजारी दार वाजवतो.’’

बाबा अलीकडचे फिटर. पलीकडच्या फिटरशी त्यांची ओळख या जोडावरच झाली, आणि नट-बोल्ट कसता कसता सोयरीकही जमली. बाबांची धाकटी बहीण लग्न होऊन पूल ओलांडून गेली. मग तर काय विचारता! दोघे मेहुणे जोडावर भेटले की दोन्हीकडचे पहारेकरी ऐकायला सरकून जवळ यायचे.

‘‘दाजी, बहीण जेवायला घालत नाही का? नट हलेना तो!’’

‘‘घालते की. तुझ्यासारखं बोलून बोलूनच पोट भरवते.’’

त्यांच्या मागे उभी राहून चिमी हसायची. पुढे शिकून ती पुलाच्या खात्यात इंजिनियर झाली, बाबांची साहेब झाली, तरी जोडावर मात्र त्यांची मदतनीसच राहिली.

गेल्या वर्षी पलीकडच्या सरकारनं अलीकडच्या काठावर आपल्या सैन्यासाठी जागा मागितली. अलीकडच्यांनी नाही म्हटलं. त्यावर पलीकडून कुणी रागावलं नाही, ओरडलं नाही. फक्त येण्याजाण्याचे पास बंद झाले. आणि या उन्हाळ्यात बाबा गेले.

आत्याला येता आलं नाही. फोन होता, पण आत्याला कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती नुसतीच बोलत राहायची. आपल्या भावाच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, मध्येच विचारायची, ‘‘आहेस ना गं?’’ आणि उत्तर न ऐकताच पुढे चालू. आत्याचं बोलणं थेट बाबांच्या वळणाचं होतं. ‘असो’ म्हणायच्या आधी घेतलेला तोच श्वास. चिमी फोन कानाला लावून त्या श्वासाची वाट बघत बसायची.

घर मोठं नव्हतं, पण आता ते संपता संपत नव्हतं. एका सकाळी स्वयंपाकघरातली खुर्ची डुगडुगायला लागली म्हणून तिनं ती उलटी केली, बोल्टच्या डोक्याला पाना लावला आणि थांबली. बराच वेळ थांबली. समोरून नट कुणी फिरवेना, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण कशाची वाट बघतो आहोत. तिनं खुर्ची तशीच भिंतीला टेकवून ठेवली.

हिवाळ्याआधीचं काम जवळ आलं आणि खात्याच्या सचिवांचा फोन आला.

‘‘बाई, आनंदाची बातमी. पलीकडचे म्हणतात, सगळा पूल आम्हीच सांभाळतो. रंग, डागडुजी, मधला जोड, सगळं. आणि फाटक कायमचं उघडं! पास नाही, काही नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन.’’

‘‘आणि देवाला काय हवंय?’’

सचिव जरा खाकरले. ‘‘देखभालीसाठी त्यांची माणसं आपल्या टोकाला राहतील. पहारा त्यांचा. म्हणजे सोयीसाठी हो. वरती अजून ठरलेलं नाही, तुमच्या अभिप्रायावर आहे. पुलाचं तुम्हालाच कळतं. जोडावर त्यांचे साहेब कागद घेऊन येतील, त्यावर ‘हरकत नाही’ एवढं लिहा. दोन शब्द.’’

दोन शब्द लिहिले की ती त्याच पावली आत्याकडे जाऊ शकत होती. आत्याच्या ओट्यापाशी पाटावर बसू शकत होती, तो श्वास समोरासमोर ऐकू शकत होती. त्या रात्री तिनं बॅगेत बाबांची शाल घातली, आत्याला द्यायला. मग काढली. मग पुन्हा घातली.

कामाच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं आणि वारा बोचरा. तिच्याबरोबर वंगणाचा डबा घेऊन खात्याचे रंगारीकाका होते. बाबांच्या वयाचे, आणि गप्प बसणं हा त्यांना अपमान वाटायचा.

‘‘तिकडे बघा, कायतरी पेटी आणलीय. वरात आहे की काय?’’

जोडापलीकडे आतोबा, आत्याचे यजमान, उभे होते. खांदे उतरलेले, पण पाना नेहमीसारखा धरलेला. त्यांच्या शेजारी कोट घातलेले एक साहेब आणि त्यांच्या पायाशी पेटीत एक नवंकोरं यंत्र.

‘‘नमस्कार. तुमचे वडील गेल्याचं कळलं. वाईट वाटलं,’’ साहेब म्हणाले, आणि ते खरंच म्हणत होते. मग त्यांनी यंत्र दाखवलं. नव्या प्रकारचे बोल्ट, एकाच बाजूनं कसता येणारे. ‘‘तुम्हाला आता यायलाच नको. थंडीवाऱ्यात कशाला त्रास? आमचा मदतनीससुद्धा आम्ही कमी केला. यंत्रापुढे माणूस कशाला?’’

आतोबा नदीकडे बघत होते.

साहेबांनी पट्टीवरून कागद पुढे केला आणि हळूच म्हणाले, ‘‘आणि तुमच्यासाठी कुणालातरी आणलंय.’’

त्यांच्या मागे थोड्या अंतरावर, पुलावरच, एक गाडी उभी होती. गाडीच्या दाराला धरून आत्या उभी होती. अंगानं निम्मी झालेली. तिनं मनगटानं चष्मा वर सारला. बोटांना वंगण लागलेलं असायचं म्हणून बाबा चष्मा असाच सारायचे; आत्याच्या बोटांना तर काही लागलेलं नव्हतं.

‘‘चिमे! वाळलीस गं!’’

‘‘आत्या, ओरडू नकोस, ऐकू येतंय!’’

‘‘मला येत नाही ना!’’

रंगारीकाका हसले आणि मग एकदम कुठेतरी दुसरीकडे बघू लागले.

‘‘कर गं बाई सही,’’ आत्या ओरडली. आवाज फाटला होता. ‘‘हे साहेब म्हणतात, आजच्या आज सोडतो. मला एकदा त्याच्या खोलीत बसू दे. रडलेसुद्धा नाही मी नीट. इथे कुणापुढे रडू? त्याला ओळखणारं कोण आहे इथे?’’

चिमीनं कागद हातात घेतला. साहेबांनी पेन दिलं. कागद नीट, सभ्य भाषेत लिहिलेला होता. त्यात पुलाला ‘आमचा’ म्हटलं होतं आणि तिच्या देशाला ‘लाभार्थी’. तिला वाटलं, डोळे मिटून लिहावं. कुणी दोष देणार नव्हतं. पोरकं माणूस, जवळचं एकच नातं उरलेलं. लोक उलट हळहळले असते.

मग तिच्या मनात आलं, फाटक उघडल्यावर पहिल्या दिवशी ती आत्याकडे जाईल, दुसऱ्या दिवशी आत्या इकडे येईल. आणि ज्या दिवशी पलीकडच्यांना पुन्हा काही हवं असेल आणि अलीकडचे पुन्हा नाही म्हणतील, त्या दिवशी दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हातात असतील.

‘‘साहेब, यातली दोन वाक्यं काढा,’’ ती म्हणाली. ‘‘फाटक उघडं राहू दे, दोन्हीकडून. तुमच्या टोकाला तुमचा पहारा, आमच्या टोकाला आमचा. जोड दोघांचा. आत्ता लिहून देते, हरकत नाही म्हणून.’’

‘‘ते माझ्या हातात नाही, बाई.’’

‘‘मग आमचं टोक देणं माझ्याही हातात नाही.’’

तिनं पेन परत केलं. कागद न चुरगाळता पट्टीवर ठेवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर हात ठेवून उभी राहिली. साहेबांनी तो उचलला. ते रागावले नव्हते. दमल्यासारखे दिसत होते.

आत्याला ऐकू आलं नव्हतं, पण दिसलं होतं.

‘‘बापावर गेलीस!’’ ती ओरडली. ‘‘बहीण दिली त्यानं पलीकडे, पण पुलाचा एक खिळा दिला नाही!’’ आणि तिनं पाठ फिरवली.

त्या पाठीकडे बघणं चिमीला अवघड गेलं. तिनं खाली वाकून पाना उचलला. ‘‘चला आतोबा. काम तरी करू.’’

‘‘काम कसं करणार?’’ आतोबा म्हणाले. ‘‘तुझ्याकडे दोन माणसं. वंगण लावायला हे रंगारीबुवा आहेत. माझ्याकडे कोण? नट फिरवू की वंगण लावू? मला काय चार हात आहेत?’’

‘‘यंत्र आहे की,’’ साहेब म्हणाले.

‘‘यंत्र नव्या बोल्टचं. हे जुने आहेत, आणि सही झालेली नाही, म्हणजे जुनेच राहणार. आणि तहात काय लिहिलंय साहेब? दोन्ही बाजूंची माणसं सारखी. फिटर एक, मदतनीस एक. मदतनीस फिटरनं निवडायचा.’’ त्यांनी घसा साफ केला. ‘‘लहान देशाचे दोन आणि आपला एक. हे आपल्या इभ्रतीला शोभतं का? मला तरी लाज वाटते.’’

रंगारीकाकांनी तोंडावर हात धरला.

साहेबांनी आतोबांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पेटीतल्या यंत्राकडे पाहिलं. ‘‘तुम्ही कुणाला निवडताय?’’

‘‘जवळपास दुसरं कुणी दिसत नाही,’’ आतोबा म्हणाले. ‘‘ती म्हातारी चालेल. बोलते फार, पण ब्रश धरता येतो.’’

साहेबांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. मग ते यंत्राच्या पेटीवर जाऊन बसले. ‘‘तहात असेल तर असेल,’’ ते म्हणाले.

आत्या आली. येताना पदर कमरेला खोचत आली, खरंच कामाला आल्यासारखी. पट्ट्यांपलीकडून तिचा फक्त चेहरा आणि खांदे दिसत होते. ती चिमीशी बोलली नाही. आतोबांच्या हातून ब्रश घेऊन पहिल्या नटाला वंगण लावू लागली. चिमीनं डोकं धरलं, आतोबांनी नट फिरवला, आणि पान्यातून तो ओळखीचा हिसका तिच्या मनगटात आला.

दोन-तीन बोल्ट झाल्यावर आत्यानं ब्रश न थांबवता विचारलं, ‘‘शेवटी काय म्हणाला?’’

चिमी तिच्या कानाजवळ वाकली. ‘‘पाणी मागितलं.’’

‘‘आणि?’’

‘‘म्हणाले, काठोकाठ भरू नकोस, सांडेल.’’

आत्या हसली. हसता हसता तिनं तोच श्वास घेतला, पण ‘असो’ काही म्हणता आलं नाही. तिचे खांदे हलायला लागले. चिमीनं पट्टीवरून हात पुढे केले. मधलं लोखंड छातीला गार लागत होतं. आत्यानं तिचा चेहरा वंगणाच्या हातांनी धरला, आणि दोघी मायलेकींसारख्या, त्या उभ्या जोडाच्या दोन बाजूंना, नीट रडल्या. रंगारीकाका आतोबांना यंदाच्या थंडीबद्दल मोठमोठ्यानं काहीबाही विचारत राहिले आणि आतोबा मन लावून उत्तरं देत राहिले.

काम संपत आलं तेव्हा साहेब उठून जवळ आले. त्यांनी जोड वाकून पाहिला.

‘‘खालच्या ओळीला वंगण कमी वाटतंय,’’ ते म्हणाले. ‘‘परत एकदा लावा. घाई नाही.’’

खालच्या ओळीला वंगण भरपूर होतं. आत्यानं परत एकदा लावलं. बाबांची शाल चिमीनं पट्टीवरून तिच्या खांद्यावर टाकली, तेव्हा साहेबांनी ती पाहून न पाहिल्यासारखी केली.

‘‘परत कधी?’’ आत्यानं विचारलं.

‘‘थंडी सरली की.’’

‘‘तोवर मी असेन का, बाई?’’

‘‘असावंच लागेल. तुमच्याकडे माणूस कमी पडतंय.’’

ती अलीकडच्या काठावर पोचली तोच सचिवांचा फोन वाजला.

‘‘झालं का, बाई? लिहिलंत ना?’’

‘‘नाही. हरकत आहे,’’ ती म्हणाली.

‘‘अहो, काय हे! वर काय कारण सांगू?’’

पलीकडच्या काठानं नदीला धरून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी निघाली होती. मागच्या काचेतून काही दिसण्यासारखं नव्हतं, एवढ्या लांबून तर नाहीच. गाडी झाडांमागे गेली, पुन्हा बाहेर आली.

‘‘बाई, ऐकताय ना? कारण काय?’’

‘‘सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘जरा थांबा.’’

गाडी वळणाआड जाईपर्यंत तिनं त्यांना थांबवून ठेवलं. मग कसलंही टिपण न बघता, एकेक कारण सांगायला लागली.